कोजागरीला तुळजापूर पायी: घरातल्या सगळ्यात हळू माणसाच्या चालीनं

जुळेसोलापूर
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

दसरा झाला की सोलापुरात घराघरांत एकच चर्चा असते, यंदा तुळजापूरला पायी कोण कोण येणार. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेत असते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनासाठी कोजागरीच्या रात्री सोलापुरातून, शेजारच्या कर्नाटकातून लाखो माणसं तुळजापूरची वाट पायी चालतात. अंतर साधारण ४५ किलोमीटर. गाड्या दुसऱ्या मार्गानं वळवतात आणि सगळा रस्ता चालणाऱ्यांचा होतो. जागोजागी चहा, केळी, खिचडी, पाय चोळून देणारी पोरं. हे सगळं आपल्याला माहीत आहे.

आता माझा प्रश्न. आई अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघे दोन्ही दुखतात, उजवा जास्त. साखरही आहे. बरीच वर्षं तिचं चालत जाणं बंद होतं. यंदा तिनं स्वतःहून सांगितलं, "मला पण यायचंय." पुण्याहून भाऊ, वहिनी, नऊ वर्षांचा भाचा येणार आहेत. आम्ही दोघं, माझी मुलगी, दोन चुलतभाऊ. भावाचं म्हणणं, आईला शेवटच्या टप्प्यापर्यंत गाडीनं नेऊ, आपण चालू. चुलतभाऊ म्हणतात, काकू येतील मागून निवांत, कोणीतरी एक जण त्यांच्याबरोबर राहील.

हे "कोणीतरी एक जण" मला पटत नाही. दर वर्षी मी बघते. निघताना सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात नारळ फोडताना पंधरा माणसं एकत्र असतात. तळे हिप्परगा येईस्तोवर त्यांचे तीन तुकडे होतात. तरणी पोरं पुढे, मधली मंडळी मध्ये, आणि पार मागे एखादी आजी आणि तिच्याबरोबर वाट्याला आलेली एक सून. मग रात्रभर फोन. "कुठपर्यंत आलाव?" पुढचे तुळजापुरात पोचून झोपलेले असतात आणि मागच्यांचा घाट अजून बाकी असतो. दर्शनाची रांगसुद्धा वेगवेगळी लागते. ज्या माणसाबरोबर जायचं म्हणून घरातून निघालो, त्याच्याशी वाटेत चार शब्द झाले नाहीत, तर ती रात्र कशासाठी घालवली?

मी घरात सांगितलंय की सगळ्यांनी आईच्या चालीनं चालायचं. पंधरा तास लागोत, वीस लागोत. पण हे नुसतं बोलून होणार नाही हे मला कळतं. जलद चालणाऱ्यांनी वेग धरून ठेवायचा कसा? मुलांना कसं सांभाळायचं? आणि सगळ्यात अवघड, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत असं आईला वाटू नये यासाठी काय करायचं? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना, लहान पोरांना घेऊन ही वाट सोबतीनं चाललीय त्यांनी लिहा.

कडक_भाकरी
सोमवार, रात्री १०:१५

ताई, लई चांगला विषय काढलाव.

आमच्या मंडळाचा तामलवाडीच्या अलीकडं चहाचा मंडप असतोय. रात्रभर तिथं उभारून माणसं बघतो मी, म्हणून एक गोष्ट सांगतो. पुढं गेलेली पोरं मंडपात येतात, बसतात, चहा घेतात, पाय चोळून घेतात. अर्ध्या तासानं त्यांची आई पोचते. ती खुर्चीला हात लावते न लावते तोवर पोरं उठतात, "चला, आली आई, निघू." म्हंजे ज्याला विसाव्याची गरज नव्हती त्याचा विसावा झाला, आणि जिला गरज होती तिला पाणी प्यायलाबी वेळ न्हाई. असं चार मंडपात झालं की ती माउली घाटाच्या पायथ्याला बसून रडते. आपण म्हणतो म्हातारं माणूस दमलं. आवो, त्याला दमवलं आपण!

तवा पहिला नियम हाच करा. विसावा कधी संपला ते आई सांगणार. ती उठली की सगळे उठणार, त्याच्या आधी कुणी चप्पल पायात घालायची न्हाई.

होटगी_रोड
सोमवार, रात्री ११:०२

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी दर वर्षी चालतो. मला हळू चाललं की कंबर धरते. माझ्या चालीनं गेलो तर नऊ-दहा तासांत पोचतो आणि ताजातवाना असतो. वडिलांबरोबर चाललो तेव्हा दुसऱ्या दिवशी उठता येईना. प्रत्येकानं आपापल्या चालीनं जावं आणि ठरलेल्या ठिकाणी भेटावं. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी, माळुंब्रा, सिंदफळ. पाच ठिकाणी भेट झाली की पुरे. प्रेम काय खांद्याला खांदा लावूनच असतं असं नाही. देवीची वाट आहे, काही जणांना ती एकट्यानं, मुक्यानं चालायची असते. त्यांचाही विचार व्हावा.

पायवाट
मंगळवार, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. होटगी रोड यांची कंबर खोटं सांगत नाही, आधी ते स्पष्ट करते.

प्रत्येक माणसाचा एक स्वतःचा वेग असतो, ज्या वेगानं एक किलोमीटर चालायला त्याला सगळ्यात कमी ऊर्जा लागते. बहुतेक प्रौढांचा तो ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास येतो. त्याहून जोरात चाललं तर खर्च वाढतो हे सगळ्यांना कळतं. त्याहून बरंच हळू चाललं तरी प्रत्येक किलोमीटरमागचा खर्च वाढतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. शिवाय तेवढंच अंतर जास्त वेळ पायांवर राहून कापावं लागतं. म्हणजे आईसाठी वेग कमी करणारा मुलगा खरोखर काहीतरी देत असतो. त्याचं शरीर ते मोजतं.

यावर एक छान अभ्यास आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल पॅसिफिक विद्यापीठातल्या दोन संशोधक स्त्रियांनी तरुण-तरुणींना ट्रॅकवर आधी एकेकटं चालवलं, मग मित्रमैत्रिणींबरोबर, मग जोडीदाराबरोबर. प्रेमाच्या माणसाबरोबर चालताना पुरुषांचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला, तिच्या चालीला जुळेल इतका. नुसती मैत्री असेल तेव्हा दोघंही थोडंथोडं जुळवून घेत होते. कुणी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या आईबद्दल. गुडघे दुखणाऱ्या, या वयाच्या बऱ्याच बायका ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालतात. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग हे स्नायू अशक्त झाल्याचं एक लक्षण डॉक्टर धरतात, आणि तो वेग ताशी तीनपेक्षा किंचित कमीच भरतो. तेव्हा आधी घरासमोर दहा मीटर मोजून त्यांची चाल बघा. ताशी तीन धरली तर ४५ किलोमीटरला नुसते चालण्याचे पंधरा तास. विसावे धरून वीस-बावीस. एका रात्रीत हे करू नका. दोन दिवसांत विभागा, किंवा कमी अंतर चाला. आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे मी आग्रहानं सांगते.

काठी घेणार असतील तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा जास्त दुखतो, तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण उलटं धरतात. अर्ध्या-पाऊण तासानं दहा मिनिटं बसायचं, पण तास-तास बसायचं नाही, गुडघे धरतात आणि पुन्हा उठणं नको होतं. साखर आहे म्हणजे तळपायाची जाणीव कमी झाली असू शकते. अनवाणी मुळीच नको. फोड आलेला त्यांना कळणारही नाही. रात्री प्रत्येक थांब्यावर कुणीतरी टॉर्च लावून तळपाय बघायचे. गोळ्या आणि खाणं घरच्या वेळेवर.

आणि जलद चालणाऱ्यांसाठी: सगळं सामान तुम्ही घ्या. पाण्याच्या बाटल्या, चादर, डबे. पाठीवर ओझं असलं की आपोआप हळू चालावंसं वाटतं, आणि आईचे हात मोकळे राहतात.

जुळेसोलापूर
मंगळवार, सकाळी ८:०५

पायवाट, मनापासून आभार. दोन दिवसांत विभागायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. तामलवाडीत मावशीचं घर आहे, तिथे मुक्काम होऊ शकतो. डॉक्टरांकडे आजच नेते.

होटगी रोड, राग कसला? भावाला तुमचीच अडचण येणार आहे. पण पाच ठिकाणी भेटायचं ठरलं की पाचही ठिकाणी तेच होतं, जे कडक भाकरी यांनी लिहिलंय.

वेळापूर_मुक्काम
मंगळवार, दुपारी १:३०

आमच्या गावाला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, आणि लहानपणापासून दिंडीत चाललोय, म्हणून लिहितो.

आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. दिंडीत ऐंशीची आजी असते आणि वीस वर्षांचा पैलवानही असतो. तरी सगळे एकत्र पोचतात. यात कुणाच्या संयमाचा फारसा भाग नाही, रचनेचा आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, तुळस घेतलेल्या बायका. पताकेच्या पुढे कुणी जात नाही. पाऊल टाळावर पडतं आणि टाळ अभंगावर. अभंगाची लय चालणाऱ्यांना बांधून ठेवते, त्यामुळे तरण्या माणसालाही "मी वेग आवरतोय" असं वाटत नाही. तो गात असतो.

दुसरं म्हणजे ट्रक. सामानाचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकून, स्वयंपाक मांडून ठेवतो. त्यामुळे लवकर पोचून जागा धरायची घाई कुणालाच नसते. माणूस बहुतेकदा जागा मिळेल की नाही या काळजीनं धावतो. तुमच्या चुलतभावांना चालीचा इतकाच जोर असेल तर त्यांना हे काम द्या. एकानं पुढच्या थांब्यावर जायचं, बसायला सावली किंवा खुर्ची बघायची, चहा सांगायचा आणि तिथेच थांबायचं. पुढच्या टप्प्याला दुसऱ्यानं. त्यांचे पाय मोकळे होतील आणि आईला पोचताक्षणी बसायला मिळेल.

तिसरं, विसावा सगळ्यांचा एकदम. कडक भाकरींचं बरोबर आहे.

पूर्वभाग
मंगळवार, रात्री १०:५०

आज सगळा धागा वाचून काढला. जुळेसोलापूर अक्कांच्या शेवटच्या प्रश्नावर कुणीच लिहिलं नाही, आईला वाईट वाटू नये यावर. मी लिहिते, कारण आमच्या घरात हाच विषय आहे.

आमची अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली. हजार विडीचा हिशोब, कारखान्यात माल द्यायला जायचं, त्यातल्या काही छाटात, म्हणजे नापास मालात, जायच्या, की घरी येऊन पुन्हा सूप. सोलापूरच्या पूर्वभागात गल्लोगल्ली अशा बायका आहेत. त्यांची कंबर आणि गुडघे पन्नाशीतच जातात. अम्माचेही गेले.

पण अम्माची ओळख काय होती माहितीये? जलद हात. गल्लीत सगळ्यात आधी तिचे हजार व्हायचे. जिचं नाव आयुष्यभर वेगासाठी घेतलं गेलं, तिला कुणी म्हणालं, "अम्मा सावकाश, आम्ही आहोत तुझ्यासाठी थांबून," तर तिला कसं वाटत असेल? ती रस्त्यात चपलेचा पट्टा लावायला वाकते. पट्टा निघालेला नसतो. श्वास घ्यायला थांबली हे दिसू नये म्हणून वाकते. मला ते दिसतं. आधी मीही वाकायचे, माझाही पट्टा लावायचे. आता आम्ही दोघी दुकानांच्या पाट्या बघत थांबतो. साड्या बघतो. कन्ना चौकापासून घरापर्यंत यायला आम्हाला वेळ लागतो आणि त्या वेळात ती मला तिच्या लग्नाचं, तेलंगणातल्या तिच्या आजोळचं, मागावर काम करणाऱ्या माझ्या वडिलांचं इतकं सांगते की घरात कधीच नाही सांगितलं. घरात तिच्या हाताला काम असतं आणि माझ्या हातात मोबाईल.

अक्का, "आम्ही तुझ्या चालीनं चालणार" असं दहा वेळा म्हणू नका. एकदाच ठरवा आणि मग विषय बंद. वाटेत कुणी "दमलीस का? बसायचं का?" असं सारखं विचारायचं नाही. त्या विचारण्यानंच माणूस म्हातारं होतं. बसायचं असेल तर तुम्हीच म्हणा, "मला चहा हवाय." आणि खरंच प्या.

सातरस्ता
बुधवार, सकाळी ९:१५

पूर्वभाग ताई, किती छान लिहिलंत.

आमच्या घरी आम्ही एक करतो. नातवाचा हात आजीच्या हातात द्यायचा आणि आजीला सांगायचं, हा पळतो, याला तुम्हीच सांभाळा, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. आजीला जबाबदारी मिळते आणि पोरगं आजीच्या चालीला येतं. दोन्ही प्रश्न सुटतात. जुळेसोलापूर यांचा भाचा नऊ वर्षांचा आहे म्हणजे अगदी योग्य.

पूर्वभाग
बुधवार, सकाळी ११:४०

सातरस्ता दादा, चांगलं आहे, पण एक सांगू का? आजीला ते कळतं. मुलाला सांभाळायच्या निमित्तानं तिलाच सांभाळतायत हे तिला पहिल्या दहा पावलांत कळतं आणि ती आपल्यासाठी न कळल्यासारखं करते. मग तीच आपल्याला सांभाळून घेते. हात जरूर द्या, पण कारण खरं सांगा. "त्याला तुमच्याबरोबर चालायचंय." आणि त्याला खरंच चालायचं असेल तरच.

सातरस्ता
बुधवार, दुपारी १२:१०

खरं आहे. आमच्या पोराला खरंच आवडतं, आजी कमरेच्या पिशवीतून शेंगा-गूळ देते. तेच कारण सांगत जाईन.

मागावरचा
बुधवार, रात्री ११:५५

पाळीवरून आलो आणि वाचलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. आम्हाला पैसे मालावर मिळतात. माग थांबला की पगार थांबला. इथं सगळे हळू व्हा, वेळ द्या म्हणतात, ते बरोबरच आहे. पण ज्याचा वेळ विकत गेलेला आहे त्यानं काय द्यायचं? माझे वडील पण मागावरच होते. दिवसपाळीत मी असलो तर ते झोपायच्या आधी मी पोचत नाही, रातपाळीत असलो तर ते उठायच्या आत मी झोपलेला असतो. एकाच खोलीत राहून आठवडा आठवडा बोलणं होत नाही. कानाला पण त्यांना कमी येतं, आयुष्य मागाच्या आवाजात गेलं.

म्हणून कोजागरीची रात्र मी सोडत नाही. ती रात्र आणि दुसरा दिवस खाडा करतो, पैसे कापले तर कापले. आम्ही रात्री निघतो. पहिले दोन तास दोघंही काही बोलत नाही. बोलायची सवयच नाही. उळे गाव मागं पडलं की ते हळूहळू सुरू करतात. त्यांना ऐकू यावं म्हणून मला त्यांच्या डाव्या कानाशी चालावं लागतं, एकदम जवळ. अर्धं पाऊल पुढं गेलो तरी तुटतं. म्हणून मला वेग धरायचा कसा हा प्रश्न कधी पडलाच नाही. पुढं गेलो तर त्यांचं ऐकणार कोण?

होटगी रोड साहेब, तुमची कंबर दुखती हे खरं. माझी पण दुखती. मागावर बारा तास उभारून पण दुखती, ती मालकासाठी. ही वडिलांसाठी दुखती.

होटगी_रोड
गुरुवार, सकाळी ६:४५

मागावरचा भाऊ, सकाळी उठल्या उठल्या वाचलं. दोनदा वाचलं.

एकट्यानं चालण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, काही जणांची ती गरज असते. पण वडिलांना यंदा विचारणार आहे, कुठपर्यंत येता म्हणून. जिथपर्यंत ते येतील तिथपर्यंत त्यांच्याबरोबर, पुढचं माझ्या चालीनं. सिंदफळला नातेवाईक आहेत, ते त्यांना गाडीवर घेऊन येऊ शकतील.

हुतात्मा_एक्सप्रेस
गुरुवार, दुपारी ३:२०

थोडं अवांतर. मी पुण्यात नोकरी करतो. सोलापूरच्या माझ्या वयाच्या निम्म्या पोरांसारखाच. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचं, रविवारी परत. आता वंदे भारतमुळे प्रवासाला वेळही कमी लागतो. पण घरी आल्यावरही मी गाडीतच असल्यासारखा वागतो. आईनं ताट वाढलं की दहा मिनिटांत जेवण, मग मित्र, मग बाजारातली कामं, मग परतीची बॅग. वडील संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायला जातात, ते एकटेच जातात.

हा धागा वाचून वाटलं, वर्षातून एका रात्री बरोबर चालायचं असेल तर आधी थोडा सराव हवा. या शनिवारी वडिलांबरोबर तलावावर जाणार. भुईकोटाच्या बाजूनं जाऊन परत, जेवढं होईल तेवढं. पायवाट मॅडम, माझा वेग खूप जास्त आहे, सवयीनं पाय पुढे जातातच. शरीराला काही शिकवता येतं का?

पायवाट
गुरुवार, रात्री ८:३०

येतं. पावलं मोजू नका, वेगाकडे बघू नका. वडिलांच्या बाजूला, खांद्याच्या रेषेत राहा आणि बोलत राहा. दोन माणसं शेजारी चालताना पावलं पुष्कळदा आपोआप एका तालात येतात, हात धरलेला असेल तर आणखी लवकर. पुढे गेलात हे तुम्हाला मान वळवावी लागली की कळेल. तीच खूण.

गर्दीतल्या चालीवर २०१० साली फ्रान्समध्ये झालेला एक अभ्यास आठवला. रस्त्यावरच्या गर्दीत बहुसंख्य माणसं एकेकटी नसून दोघातिघांच्या गटानं चालत होती. जागा असली की ती एका ओळीत चालतात. गर्दी वाढली की तिघांतला मधला किंचित मागे राहतो आणि कडेचे दोघे थोडे पुढे, आतल्या बाजूला वळलेले. असं चालताना गर्दी कापायला त्रास जास्त होतो, वेग कमी होतो, तरीही माणसं तसंच चालतात, कारण तसं चाललं तर तिघांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि बोलणं चालू राहतं. गट मोठा असेल तर वेग आणखी कमी. म्हणून नऊ जणांनी एक ओळ करू नका, तिघातिघांचे तीन गट करा.

बाळीवेस
गुरुवार, रात्री ९:५०

पटापट काही कामाचं:

निघायची वेळ अशी धरा की उन्हाचा चटका लागायच्या आत सावलीला असाल. ऑक्टोबरात दुपारी आपल्याकडं ऊन भाजतंच. परतीचा पाऊस पण येतो, प्लास्टिकचा कागद ठेवा. गाड्या कुठल्या दिवशी कधी बंद होणार ते पोलीस आधी जाहीर करतात, दोन दिवसांत विभागणार असाल तर ते नीट बघा, पहिल्या दिवशी रस्त्यावर वाहनं असतील तेव्हा कडेनंच चाला. लहान मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आईच्याही. रेंज जाते गर्दीत.

घाट शेवटी आहे आणि चढ आहे. तोपर्यंत पाय संपवू नका. घाटात पहाटे प्रचंड गर्दी आणि रेटा असतो, "आई राजा उदो उदो" चा गजर लागला की मागचे जोर करतात. आईला रस्त्याच्या कडेला ठेवा आणि रेट्याच्या बाजूला दोन धडधाकट माणसं. येताना एसटीच्या जादा गाड्या असतात, पण चढायला झुंबड. तिथं मात्र चुलतभावांना पुढं पळू द्या, जागा धरायला.

जुळेसोलापूर
शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आज आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. पूर्वभाग यांचं लिहिलेलं वाचताना तिनं मला थांबवलं, स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "पुढचं वाच."

डॉक्टरांनी हो म्हटलंय, दोन दिवसांत विभागून आणि चप्पल घालूनच या अटीवर. अनवाणी जायचं नाही हे तिला मान्य नव्हतं. एक दिवस गप्प होती. मग म्हणाली, "घालते चप्पल. देवीशी काय ते माझं मी बोलते."

माझा विचार होता तिला सगळ्यात पुढे ठेवायचं, म्हणजे तिच्यापुढे कुणी जाणार नाही. तिनं तो मोडीत काढला. म्हणाली, "मी पुढं चालले तर तुम्हाला माझी पाठ दिसंल. पाठीशी काय बोलणार तुम्ही? मला मधी ठेवा." म्हणून आता ती मध्ये, एका बाजूला भाऊ, एका बाजूला मी, आणि वाटेत माणसं बदलत राहणार. प्रत्येकाला तिच्याशेजारी एक टप्पा हवाय. त्यावरून आत्ताच भांडण झालंय, घाटातला टप्पा कुणाचा म्हणून. भाचा म्हणतो माझा. तिनं त्यालाच दिला. पलीकडून भाऊ असेल, पण आतून तोच हात धरणार.

चुलतभाऊ आळीपाळीनं पुढे जाऊन जागा बघणार, वेळापूर यांनी सांगितल्याप्रमाणे. सामान भावाच्या पाठीवर. चतुर्दशीला पहाटे रूपाभवानीहून निघायचं, ऊन चढलं की उळ्याच्या आसपास दुपार काढायची, रात्री तामलवाडीला मावशीकडे. पौर्णिमेला दुपारनंतर पुढे. कितीही वाजता पोचलो तरी चालेल, कुणाला तुळजापुरातून फोन करून वेळ विचारायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय.

मागावरचा दादा, तुमचे वडील आणि तुम्ही वाटेत दिसलात तर ओळखणार नाही मी, पण डाव्या कानाशी बोलत चाललेलं कुणी दिसलं तर पाणी विचारीन.

मागावरचा
शनिवार, पहाटे १२:१५

विचारा ताई. वडिलांना पण सांगतो.

कडक_भाकरी
शनिवार, सकाळी ७:०५

ताई, चतुर्दशीला आमचा मंडप संध्याकाळी पाचला लागतोय. तुम्ही तवाच तिकडनं येणार. आमचा पहिला चहा तुमच्या आईला. किती कप लागतील सांगून ठेवा.

जुळेसोलापूर
शनिवार, सकाळी ७:३०

आम्ही आठ मोठे आणि एक लहान. लहानाला दूध चालेल. त्यातला एक कप बिनसाखरेचा ठेवा, दादा.